दीपमालाचा फोन लागेना

राहीबाईंचा सगळा दिवस संध्याकाळच्या फोनवर टांगलेला असायचा. म्हशीची धार काढून झाली, चुलीवरचा भात उतरला, की त्या सोप्यात चार्जिंगला लावलेला मोबाईल उचलायच्या, पदरानं पुसायच्या आणि मांडीवर घेऊन बसायच्या. थोड्या वेळानं ओमानहून लेकीचा फोन यायचा. आधी पडद्यावर नुसतं कपाळ दिसायचं, मग नाक, मग हसणारी दीपमाला. "आई, मोबाईल जरा लांब धर, मला तुझा कानच दिसतोय," हे तिचं पहिलं वाक्य ठरलेलं.

दीपमाला त्यांची एकुलती लेक. सांगलीत नर्सिंग शिकली, विश्रामबागेतल्या एका हॉस्पिटलात काही वर्षं राबली आणि मग ओमानला गेली. तिथं डोंगराच्या पायथ्याला एका लहानशा गावात दवाखाना होता, त्यात ती नर्स. व्हॉट्सॲपवर तिचे मेसेज यायचे, पण बोलणं काही लागायचं नाही. तिकडं ते धड चालूच देत नाहीत, असं ती सांगायची. साधा फोन लावावा तर बॅलन्स बघता बघता संपायचा. राहीबाईंनी एकदा न कळून तिचा नंबर थेट दाबला होता. "जेवलीस का" एवढं विचारून होतंय तोवर फोन बंद. म्हणून सुट्टीवर आल्यावर दीपमालानं आईच्या मोबाईलात एक वेगळंच ॲप घालून दिलं. तिच्या दवाखान्यातल्या वायफायवर ते चालायचं आणि फुकटात मनसोक्त बोलता यायचं. निळं चित्र दिसलं की दाबायचं, एवढंच राहीबाईंना ठाऊक.

घरात त्या एकट्याच असत. नवरा नाथाजी फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला आणि आता साताऱ्याला एका कारखान्यावर सिक्युरिटीत लागलेला. पंधरवड्यानं भिलवडीजवळच्या आपल्या गावी यायचा, उसाला पाणी दाखवून परत जायचा. जाताना दर वेळी बजावायचा, "अधिकचं चिन्ह असलेला बाहेरचा नंबर आला तर उचलायचा न्हाई. लय फसवाफसवी चाललीया. उचलला की बँक रिकामी." शेजारच्या एका म्हाताऱ्याची पेन्शन तशीच गेली होती, त्यामुळं राहीबाईंना हे पटलेलं होतं.

एप्रिलातल्या त्या संध्याकाळी फोन आला नाही.

ड्युटी बदलली असेल, असं म्हणून त्यांनी बोलून मेसेज पाठवला, "दीपा, जेवलीस का गं?" मेसेजापुढं एकच टिक उमटली. दुसरी उमटेना. सकाळी उठल्या उठल्या बघितलं, तरी एकच. चहा ठेवून त्यांनी टीव्ही लावला, तर पडद्यावर मातकट पाण्यातून मोटारी वाहत चालल्या होत्या. मागं बोडके डोंगर, पाण्यात अर्धी बुडालेली खजुराची झाडं. खाली अक्षरं सरकत होती. राहीबाई सावकाश वाचत, पण 'ओमान' हा शब्द त्यांना एका नजरेत वाचता आला. चहा उतू जाऊन गॅस विझला, त्याचा वास आल्यावर त्या जागच्या हलल्या.

नाथाजीला फोन लावला. तो म्हणाला, "अगं वाळवंट हाय ते. तिथं कसला पूर येतोय? टीव्हीवालं कायबी दावत्यात."

"आवं, मी डोळ्यांनी बघितलंय."

"बरं, बघतो. तू घाबरू नको."

थोड्या वेळानं त्याचाच फोन आला, तेव्हा आवाज बदललेला होता. "हितल्या पोरांनी व्हिडिओ दावला. मी निघतोय. तू घरीच थांब, फोनापाशी."

"फोन काय चुलीला बांधलाय व्हय? पिशवीतनं येतोय की. मी सांगलीला मयूरीकडं चाललेय." एवढं बोलून त्यांनी घराला कडी घातली आणि म्हशीला वैरण टाकायला शेजारणीला सांगितलं.

एसटीत त्यांनी मोबाईल पिशवीत ठेवलाच नाही, मुठीत धरला. पूर म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. कृष्णेच्या महापुरात त्यांच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. पाणी उतरल्यावर भिंतींना जो वास यायचा तो किती तरी महिने गेला नव्हता. रस्त्याकडेच्या काही घरांवर पाण्याच्या रेषा अजून होत्या. एरवी त्यांच्याकडं लक्षसुद्धा जात नसे. आज प्रत्येक रेषेला त्यांच्या मनात येत होतं, एवढ्या पाण्यात दीपा उभी राहिली तर पाणी कुठवर येईल? कमरेला? गळ्याला? माधवनगरपाशी गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाईनं विचारलं, "दवाखान्यात कुणी हाय का तुमचं?" राहीबाईंनी नुसती मान हलवली. तेही खोटं नव्हतं.

मयूरी दीपमालाची कॉलेजातली मैत्रीण. अजून त्याच विश्रामबागेतल्या हॉस्पिटलात होती. राहीबाईंना वॉर्डाच्या दारात बघताच तिनं हातातला ट्रे खाली ठेवला. बातमी तिनंही बघितली होती आणि तीही सकाळपासून मेसेज टाकत होती.

"काकू, बसा आधी. तिथलं नेट गेलं असणार, म्हणून ॲप लागत नाही. आपण थेट लावू. मी आयएसडीचा पॅक मारते तुमच्या मोबाईलवर. थोडीच मिनिटं मिळतात, पण लागेल."

जिन्याखालच्या बाकावर दोघी बसल्या. मयूरीनं रिचार्ज केला, नंबर लावला आणि आवाज मोठा केला. एक बाई अरबीत काही तरी बोलली, मग इंग्रजीत. मयूरीनं फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"बंद आहे म्हणाली. बॅटरी संपली असेल, काकू." मयूरी बोलता बोलता मोबाईलची यादी खाली सरकवत होती. मध्येच तिचं बोट थांबलं. "हा ९६८चा नंबर कुणाचा? ओमानचा आहे. काल दुपारी दोनदा आलाय. तुम्ही कट केलाय."

राहीबाईंना आठवलं. रानात खुरपताना आला होता. अधिकचं चिन्ह बघून त्यांनी लाल बटण दाबलं होतं. पुन्हा आला तर पुन्हा दाबलं होतं, आणि वर "मेल्या, मला फसवतोस व्हय" असं म्हटलंही होतं. "मी कापला गं," एवढंच त्यांना बोलता आलं.

मयूरीनं तोच नंबर लावला. बराच वेळ रिंग गेली. मग एक पुरुष अरबीत ओरडून बोलला. मयूरी इंग्रजीत पुन्हा पुन्हा सांगत होती, सिस्टर दीपमाला, इंडिया, तिची आई बोलतेय. त्याला 'सिस्टर' एवढंच कळलं असावं.

"सिस्टर गो," तो म्हणाला. "वॉटर. वॉटर. सिस्टर गो."

इंग्रजी न येणाऱ्या राहीबाईंना हे दोन्ही शब्द कळले. त्यांनी मयूरीचा हात धरला. मयूरी "कुठे गेली? कुठे?" असं विचारत राहिली, तिकडचा माणूस तेच ते बोलत राहिला आणि पॅकातली मिनिटं चालली. तेवढ्यात त्या माणसाच्या पाठीमागून कुणी तरी विचारलं, "यारपा? एनंतार?"

कोण आहे, काय म्हणतात. कानडी! राहीबाईंचं माहेर जत तालुक्यातलं उमदी, कर्नाटकाच्या अगदी हद्दीवर. माहेरी अंगणात कानडी आणि देवघरात मराठी, अशा दोन्ही भाषांत त्या वाढल्या. लग्न होऊन कृष्णाकाठी आल्यावर सासरचे हसायचे, म्हणून कानडी त्यांनी कधीच मिटून ठेवली होती. आता मात्र त्यांनी मयूरीच्या हातातला मोबाईल ओढून घेतला आणि सगळ्या जिन्यात घुमेल अशी हाक घातली, "ना दीपमालान अव्व! आकी यल्लि अदाळ?" मी दीपमालाची आई, ती कुठं आहे?

पलीकडचा तो कानडी आवाज अगदी जवळ आला. "अव्वा, अळब्याडा." रडू नका.

पुढचं सगळं कानडीतच झालं. तो बसगोंडा, दवाखान्याची गाडी चालवणारा. काल दुपारी दवाखान्याजवळच्या कोरड्या ओढ्याला अचानक पाणी आलं. दीपमालानं पेशंट गाडीत भरले आणि बसगोंडानं खेपा करून ते टेकडीवरच्या शाळेत पोचवले. तिचा मोबाईल खोलीत राहिला, खोलीत पाणी शिरलं. शेवटच्या खेपेला एका बाळंतिणीला घेऊन ती स्वतः वर गेली. गाडीत बसण्याआधी तिनं मघाशी अरबीत बोललेल्या त्या पहारेकऱ्याच्या फोनवरून घरी फोन लावला होता. दोनदा लावला, कुणी उचलला नाही.



"मी त्यांना वर सोडून खाली आलो आणि मागं रस्ता वाहून गेला," बसगोंडा सांगत होता. "शाळा पल्याड, आम्ही अल्याड. पाणी उतरतंय आता. शाळेच्या गच्चीवर माणसं दिसतात, अव्वा, पण लांबून कोण कोण हाय ते कळत न्हाई."

"ती बरी हाय म्हणशील का तू?"

"गाडीतनं उतरली तवा बरी हुती. खोटं कसं सांगू?" मग तो घाईघाईनं म्हणाला, "अव्वा, तुमची बोली आमच्याकडचीच. मी चडचणजवळचा. माझ्या आईला कुणी तरी—" त्यानं गावाचं नाव सांगितलं आणि फोन तुटला. पॅक संपला होता.

मयूरीनं लगेच दुसरा पॅक टाकला. या वेळी रिंगच गेली नाही. परत लावला, परत तेच. त्या फोनचीही बॅटरी गेली असावी. वॉर्डातून हाक आली म्हणून मयूरी उठली आणि राहीबाई बाकावर एकट्या राहिल्या. समोरून माणसं जिना चढत-उतरत होती. सिस्टर गो, वॉटर. ते शब्द काही केल्या कानातून जाईनात. त्यांनी मोबाईल उचलला आणि उमदीला भावाला लावला.

"अर्जुना, गाडी काढ आणि चडचणकडं जा." त्यांनी गावाचं नाव सांगितलं. "तिथं बसगोंडाची आई शोध. ओमानला डायवर हाय त्यो. पोरगा सुखरूप हाय, मी सोता बोललेय म्हणून सांग."

"आणि आपल्या दीपाचं काय, आक्का?"

"दीपाचं अजून कळलं न्हाई. तू आधी जा."

दुपारी नाथाजी आला. साताऱ्याहून मिळेल त्या गाडीनं आलेला, अंगावर कारखान्याचा गणवेश तसाच. त्यानं सगळं ऐकून घेतलं. दोन कापलेल्या फोनांचं राहीबाईंनी शेवटी सांगितलं.

"तिनं जायच्या आधी मला लावला हुता. आणि मी फसवणारा समजून कापला."

"मीच तसं सांगितलं हुतं," नाथाजी म्हणाला आणि फरशीकडं बघत बसला. सीमेवर असताना तो फोनाच्या रांगेत उभा राहायचा, फोन गावात पोस्टमास्तरांच्या घरी यायचा आणि तिथून राहीबाईंना निरोप जायचा. फोनाच्या या टोकाला बसून राहणं कसं असतं, हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

अर्जुनाचा फोन आला तो बसगोंडाच्या म्हाताऱ्या आईच्या दारातून. तिचं नाव गंगव्वा. तिच्या गावात बातमी पोचली होती आणि तीही कालपासून उंबऱ्यात बसून होती. अर्जुनानं मोबाईल तिच्या हातात दिला. पोरगा कसा बोलला, आवाज खणखणीत होता का, हेच ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. राहीबाईंनीही पुन्हा पुन्हा सांगितलं. मग म्हातारी म्हणाली, "आणि तुझी लेक?"

राहीबाईंच्या तोंडून शब्द निघेना.

"बरं. न बोललीस तरी चालेल," गंगव्वा म्हणाली. "मी धरून बसते फोन."

दोघी तशाच कानाला मोबाईल लावून बसल्या. मयूरीनंच शेवटी खूण केली, "काकू, लाईन मोकळी ठेवा. तिकडून आला तर?" मग राहीबाईंनी जड हातानं तो ठेवला.

आला तो उन्हं कलल्यावर. भलताच नंबर, पुढं अधिकचं चिन्ह. सवयीनं राहीबाईंनी नवऱ्याकडं बघितलं.

"उचल! उचल की!" नाथाजी ओरडला.

"आई?"

आवाज घोगरा होता, पण दीपमालाचाच. राहीबाईंनी तोंडात पदर कोंबला. मयूरीनं त्यांना खांद्याला धरून भिंतीला टेकवलं.

"आई, ऐकू येतंय का? लष्कराच्या माणसाचा फोन हाय, लय बोलता यायचं न्हाई. मी बरी हाय. पेशंट बी बरं हायत. बाळंतिणीला ताप हाय, पण उतरंल. आम्हाला आता खाली न्यायला लागलेत."

"खाल्लंस का काय?"

"खजूर." मग जरा थांबून, "काल का गं उचलला न्हाईस? मी किती वाट बघितली."

"भ्याले गं," राहीबाई म्हणाल्या. त्याहून जास्त त्यांना सांगता आलं नाही. "आणि बसगोंडाला सांग, त्याच्या आईला कळवलंय."

"बसगोंडा? तुला बसगोंडा कसा ठाऊक?"

उत्तर द्यायच्या आत फोन गेला. नाथाजी हात पुढं करून तसाच उभा राहिला; त्याचं बोलायचं राहूनच गेलं. त्यानं मोबाईल घेतला, बंद पडदा थोडा वेळ कानाला लावला आणि परत दिला.

दीपमाला परत आली नाही. नाथाजीनं बराच हट्ट धरला, पण बाळंतिणीचा ताप उतरेपर्यंत ती हलायला तयार नव्हती, आणि नंतर कराराचं वर्ष पुरं करायचं ठरलं. दवाखाना वरच्या अंगाला हलवला. तिकडचं नेट सुरू झालं, निळं चित्र पुन्हा वाजायला लागलं. मात्र राहीबाईंच्या मोबाईलवर आता बाहेरदेशीचा लहानसा पॅक कायम असतो आणि ९६८चा कुठलाही नंबर त्या उचलतात. एकदा खरोखरच कुठला तरी लबाड निघाला, तर त्याला त्यांनी आधी विचारलं, "तिकडं पाऊस हाय का?"

फोनाला जरा उशीर झाला की त्या चडचणकडं लावतात. "तुला आला का?" गंगव्वा विचारते. "अजून न्हाई. तुला?" "मलाही न्हाई." मग दोघी ज्वारीचं, शेरडांचं, गुडघ्यांचं बोलत बसतात.