स्वर्गासाठी ठेवलेलं पातळ

पोटात गाठ आहे, सांगलीकडच्या मिशनच्या दवाखान्यात जाऊन ती काढावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. माझे यजमान साताऱ्याला मिशनच्या शाळेत शिकवायचे, सगळे त्यांना मास्तरच म्हणत, मीसुद्धा. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्या कितीतरी आधी आमची सुमती लहानपणीच तापानं गेली होती. मुलगे आपापल्या संसाराला लागले होते आणि माझं मन रात्रंदिवस वरच्या घरात. भाकरी थापताना वाटायचं, तिकडे सुमतीची वेणी कोण घालत असेल? लढाईमुळे इथे साखर मिळेना, तेव्हा मास्तरांना तिकडे तरी चहा गोड मिळत असेल, अशी मी समजूत करून घेई. चर्चच्या उपासनेत स्वर्गाचं गीत लागलं की सगळ्यांत मोठा आवाज माझा. पाळकसाहेब एकदा हसून म्हणालेही, "बाई, तुमचं एक पाऊल कायम उंबऱ्याबाहेरच असतं." मला ते कौतुकच वाटलं.

ट्रंकेच्या तळाशी मी एक पांढरं मलमलीचं पातळ जपून ठेवलं होतं. आमच्यात शेवटच्या प्रवासाला पांढरं नेसवतात. कापड तेव्हा कंट्रोलवर होतं, मोजूनमापूनच मिळायचं. बायका ठिगळाला ठिगळ लावत होत्या, पण मी त्या पातळाला सणासुदीलासुद्धा हात लावला नव्हता. दवाखान्यात जायच्या दिवशी मात्र तेच नेसले. परगावी माझं काही बरंवाईट झालं तर धाकट्या भावाची कापडासाठी धावाधाव नको, एवढाच हिशोब. भावाला यातलं काही सांगितलं नाही, बिचारा घाबरला असता. शेजारीण म्हणाली, "आज अगदी नटून निघालात!" मी म्हटलं, "हो, चांगल्या ठिकाणी चालले आहे."

भाऊ पुरुषांच्या डब्यात बसला, मी बायकांच्या. खिडकीतून उसाचे फड दिसत होते, बांधावरच्या बाभळी, एखाद्या गुऱ्हाळाचा धूर. पाहुणीनं यजमानाच्या घरातली भांडीकुंडी बघावीत तसं मी ते सगळं बघत होते. छान आहे, पण आपलं नाही. मनात एकच प्रार्थना चालू होती, प्रभू, आता मला ने.

रहिमतपूरला एक म्हातारी आणि तिची सून गाडीत चढल्या. सुनेच्या कडेवर वर्षभराचं पोर होतं, तापानं लालबुंद झालेलं. त्याचा बाप लढाईवर ब्रह्मदेशात होता, हे मला मागाहून कळलं. म्हातारीनं डब्यात चहूकडे पाहिलं, तिची नजर माझ्यावर ठरली आणि ती बायकांच्या पायांवर पाय देत सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आवं नर्सबाई, बघा की वो ह्या लेकराकडं! डोळं फिरवतंय."

"मी नर्स नाही हो आजी. मीच दवाखान्यात..."

"आसं नगा म्हनू. मला काय कळत न्हाई व्हय? ही पांडरीफेक कापडं मिशनच्या बायांबिगार कोन घालतंय?" एवढं बोलून तिनं सुनेकडून पोर घेतलं आणि माझ्या मांडीत ठेवलंसुद्धा.

मी आणखी काही बोलणार तोच पोराला आकडी आली. सुमती अशीच माझ्या मांडीवर ताठली होती. तिच्या वेळी मी गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या होत्या आणि त्या पुरल्या नव्हत्या. पण पट्ट्यांखेरीज मला दुसरं काही येतही नव्हतं. मी ओरडले, "पाणी आणा! कापड द्या कुणीतरी!" तांबे चार बाजूंनी पुढे आले, कापड कुठून येणार? सुनेचं लुगडं इतकं विरलं होतं की हात लावला तर फाटावं. म्हातारी आपल्या बोचक्यात नुसतीच चाचपत राहिली. तेव्हा मी माझ्या पदराची कड दातांत धरली आणि टर्रकन फाडली. तो आवाज मला अजून ऐकू येतो, आणि का कोण जाणे, आठवला की आनंदच होतो.

जरा वेळानं आकडी थांबली, पण ताप हटेना. कपाळावर, पोटावर, पायांवर मी पट्ट्या बदलत राहिले. कऱ्हाडला, ताकारीला, गाडी थांबली की कुणी ना कुणी बाई तांब्या घेऊन नळाकडे पळे आणि गाडी हलायच्या आत धापा टाकत परत येई. एकमेकींची ओळख ना पाळख, पण सगळा डबा त्या पोराची मावशी झाला होता. मी पुटपुटत होते, "प्रभू, एवढं ठेव. एवढं तरी इथं ठेव." आणि ध्यानात आलं, मास्तर गेल्यापासून 'मला ने' यापलीकडे मी देवाजवळ काही मागितलंच नव्हतं. आज पहिल्यांदा या पृथ्वीवर काहीतरी राहावं म्हणून मी त्याच्यापुढे पदर पसरला होता, तोही फाटका.

भिलवडी सुटली आणि पोराला दरदरून घाम फुटला. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे नीट बघितलं, ही कोण भलतीच म्हणून भोकाड पसरलं, आणि माझ्या स्वर्गाच्या पातळावर यथेच्छ मुतलं. सगळा डबा हसला. सून हसता हसता रडायला लागली, मीही तेच केलं.

सांगलीला भाऊ धावत आला तो मला पाहून उभाच राहिला. "ताई, हे काय? कुणी मारलं का तुला?" मी त्याला पातळाची खरी गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "आता कसली मरतेय मी! या अवतारात स्वर्गाच्या दाराशी गेले तर मास्तर म्हणतील, आधी कपडे बदलून ये."

ऑपरेशनच्या टेबलावर मी निवांत होते. म्हटलं, प्रभू, तिकडे नेलंस तरी तुझी, इकडे ठेवलंस तरी तुझीच. आता काय करायचं ते तू कर. एवढं म्हणायला मला तीन वर्षं लागली होती. त्यानं मला इकडे ठेवलं. गाठ साधी निघाली.

दोन-तीन दिवसांनी म्हातारी पोराला घेऊन 'नर्सबाईं'ना शोधत वॉर्डात आली आणि मला खाटेवर बघून तिनं तोंडावर हात ठेवला. "आगं बया! तुमीच आजारी व्हय? मग तवाच सांगायचं न्हाई?"

"सांगत होते की! तुम्ही ऐकलंत कुठं?"

हसल्यानं टाके दुखले. पोर खडखडीत बरं झालं होतं, माझ्या खाटेची दांडी धरून उभं होतं. म्हातारी म्हणाली, "आमच्या भैरोबानंच धाडलं बगा तुमास्नी." मी वाद घातला नाही. मला कुणी धाडलं ते मला ठाऊक होतं, आणि तोही तेव्हा हसतच असणार.

स्वर्गाची ओढ अजून आहे, काडीनंही कमी झालेली नाही. गीत लागलं की मोठा आवाज अजून माझाच. फक्त घाई संपली. तिकडचा मालक इकडेही रोज येतो, हे त्या डब्यात मी पाहिलं. मग त्याच्या हाकेची वाट बघत इथली भाकरी आनंदानं थापायला काय हरकत आहे?

ते पातळ धुऊन पुन्हा ट्रंकेत ठेवलं आहे. सुनांना बजावून ठेवलं आहे की मला तेच नेसवा, नवं आणू नका. आणि फाटका पदर आत खोचू नका, वर दिसू द्या. सुमती विचारील, "आई, हे गं कशानं फाटलं?" मग मी तिला जवळ घेऊन बसेन आणि सगळी गोष्ट सांगेन.