एकशे आठ ठोकळे आणि वाटीभर खोबरेल

चंद्रहास दामले चुकीचं वाक्य खाली पडू देत नाही, वरच्या वर झेलतो. हूफडॉर्पला राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं शेजारच्या डच बाईंना सांगितलं, की हॉलंड हे फक्त दोन प्रांतांचं नाव आहे, अख्ख्या देशाला तसं म्हणू नये. मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना तो लोकांचे उच्चार सुधारतो. त्याची बायको आसावरी म्हणते, "याच्याशी भांडण जिंकता येतं, पण मग हा जिंकण्याची व्याख्या बदलतो."

अशा माणसाला ऐन पन्नाशीत मातीतल्या मोटरसायकलचं वेड लागलं. ऑफिसात तो इतका वर चढला होता, की हातानं करायचं काही उरलंच नव्हतं. दिवसभर मीटिंगा, आणि त्यांच्यामध्ये पुढच्या मीटिंगा ठरवणं. घरापासून तासाभरावर एका क्लबचा वाळूचा ट्रॅक होता. तिथला नियम सरळ होता. सभासद व्हायचं तर तिथली वाळूची टेकडी कुणाचा हात न लागता चढून दाखवायची. संधी तीन. तिन्ही हुकल्या तर दोन वर्षं तोंड दाखवायचं नाही.

चंद्रहासच्या दोन हुकल्या होत्या. दोन्ही वेळा मागचं चाक वाळूत रुतलं आणि क्लबचा सेक्रेटरी, खेरीट नावाचा सत्तरीतला गृहस्थ, ट्रॅक्टर घेऊन आला. दोरी बांधताना तो एक अक्षर बोलला नाही, आणि तेच चंद्रहासला जास्त लागलं. ही टेकडी त्याला हवी होती. प्रमोशनसुद्धा त्याला कधी इतकं हवं नव्हतं.

दोष टायरचा होता. असल्या टायरला जाड रबराचे ठोकळे असतात आणि त्यांच्या कडा माती धरतात. याच्या ठोकळ्यांच्या कडा झिजून पेढ्यासारख्या गोल झाल्या होत्या. "नवा घे की," आसावरी म्हणाली. पण ठोकळ्यांची उंची शाबूत होती, धार तेवढी गेली होती. धार गेली म्हणून कुणी विळी टाकून देतं का, असं म्हणून त्यानं टायर रिमवरून उतरवला आणि उलटा फिरवून बसवला, म्हणजे न झिजलेली बाजू पुढे आली. मग तापणाऱ्या पात्यानं एकेका ठोकळ्याची कड काटकोनात कापली आणि प्रत्येकावर मधोमध एक बारीक चीर पाडली. याला तीन रविवार लागले. जळक्या रबराचा वास सहन न होऊन शेजारच्या बाईंनी दारात चिठ्ठी टाकली. चंद्रहासनं त्यांना दीड पानाचं शास्त्रीय उत्तर दिलं.

त्याच्या सासूबाई, शोभाताई, तेव्हा चिंचवडहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. मागच्या शेडच्या दारात खुर्ची टाकून त्या हे सगळं बघत बसत.

"किती झाले हो, चंद्रहासराव?"

"एकशे आठ. संपले."

"एकशे आठ? मग ही जपमाळच झाली की."

"योगायोग आहे, आई."

"असू दे. दसरा आलाय, गाडीची पूजा करून घेऊ."

"रबराला पूजा लागत नाही, आई. धार लागते."

शोभाताई गप्प बसल्या. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ आसावरीला लहानपणापासून माहीत होता. जावयाला तो अठरा वर्षांत उमगला नव्हता.

दसरा शनिवारी होता, चाचणी रविवारी. शनिवारी चंद्रहास भाड्याचा ट्रेलर आणायला बाडहूव्हडॉर्पला गेला, आसावरी भाजीला. शोभाताई शेडमध्ये शिरल्या. त्यांनी गाडी पुसली, हळदीकुंकू वाहिलं, झेंडू मिळाला नव्हता म्हणून हँडलला जरबेरा खोचला. मग चिंचवडला यजमानांची स्कूटर दर दसऱ्याला चमकवायच्या, त्याच मायेनं वाटीभर खोबरेल कोमट करून टायरला चोळलं. एकही ठोकळा सोडला नाही.

रविवारी सकाळी अंधुक उजेडात चंद्रहासनं गाडी ट्रेलरवर चढवली. हँडलवरचा जरबेरा त्यानं निमूट काढून खिशात ठेवला आणि आपण किती मोठ्या मनाचे आहोत हे स्वतःलाच सांगितलं. आसावरी बरोबर होतीच; साडीवर जावयाचं जुनं जाकीट चढवून शोभाताईही निघाल्या.

ट्रॅकवर चांगलीच थंडी होती. गाडी उतरवताना मागचं चाक फळीवरून सटकलं. खेरीटनं वाकून टायर पाहिला, बोटानं चाचपला.

"हे लोणी आहे का?" त्यानं विचारलं.

खोबरेल गोठलं होतं. तीन रविवार खपून पाडलेल्या एकशे आठ चिरा पांढऱ्याशुभ्र भरून आल्या होत्या.

चंद्रहासच्या तोंडाशी बरंच काही आलं. पण सासूवर ओरडायचं नसतं, हा एकच नियम त्यानं आजवर तपासून पाहिला नव्हता.

"आई, हे काय केलंत?"

"चमकावं म्हणून लावलं हो. तिकडे लावायचे ना." त्यांचा चेहरा एवढासा झाला. "तिकडे गोठत नाही."

चाचणीला चाळीस मिनिटं होती. शोभाताईंनी रडण्यात त्यातलं एकही घालवलं नाही. "आसावरी, या माणसाला म्हणावं, कडकडीत पाणी आणि भांड्यांचा साबण हवाय."

खेरीटनं कॅन्टीनमधून बादली आणली. शोभाताईंनी पदर खोचला, अंबाड्यातला आकडा काढला आणि एकेक चीर कोरायला बसल्या. चंद्रहास चाक फिरवत होता. कॉफीचे कप घेतलेले चार-पाच डच भोवती उभे राहिले. त्यातला एक जाऊन ब्रश घेऊन आला.

कोरताना त्या पुटपुटत होत्या, ठोकळ्यागणिक देवाचं एक नाव. क्रम चुकत होता. एक नाव तर दोनदा आलं. चंद्रहास ते झेलायला पुढे झुकला, आणि त्याला त्यांची बोटं दिसली. गरम पाण्यानं ती लाल झाली होती, तरी थांबत नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं नुसतं चाक फिरवलं.

टेकडीच्या पाऊण उंचीवर चाक जागच्या जागी फिरू लागलं. मागच्या दोन्ही वेळा इथंच घात झाला होता. खेरीट सवयीनं ट्रॅक्टरकडे वळला. तेवढ्यात ठोकळ्यांच्या नव्या कडांनी वाळू धरली, गाडीनं एक हिसका दिला आणि रडतखडत का होईना, माथा गाठला. वर पोचल्यावर चंद्रहासनं इंजिन बंद केलं आणि हेल्मेटच्या आत पोटभर रडून घेतलं.

खाली खेरीटनं कार्डावर सही केली. टायरवर बोट ठेवून विचारलं, "कुणी कापलं हे?"

"मी."

"छान कापलंय."

पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतकं गोड कुणी बोललं नव्हतं. चंद्रहास त्या दोन शब्दांत न्हात होता, तोच शोभाताई टॉवेलला हात पुसत पुढे आल्या.

"बघा, चंद्रहासराव. पूजा केली म्हणून चढली गाडी. नाही का?"

आसावरीनं डोळे मिटून घेतले. आता काटकोन येणार, मग कडा, मग खोबरेल किती अंशाला गोठतं ते.

चंद्रहासनं तोंड उघडलं. खिशात त्याच्या हाताला जरबेरा लागला.

"हो, आई," तो म्हणाला. "म्हणूनच चढली."

शोभाताईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग हलक्या आवाजात लेकीला म्हणाल्या, "आसावरी, जरा यांच्या कपाळाला हात लावून बघ गं. ताप आलेला दिसतोय."