गोदामाला पडलेला एक तारा

नोकरी मागायला गेले आणि मॅनेजरलाच झापून आले. असला गाढवपणा विशीतल्या पोरीनं केला असता तर चाललं असतं. मी तेव्हा अठ्ठावन्नची होते. आता त्या बाईचं मला हसू येतं. कोवळी होती बिचारी, मोबाईलवरचं सगळं खरं मानायची.

झालं असं, की मी ज्या कारखान्यात लूमवरून उतरलेलं कापड तपासायचे, तो बंद पडला. सुनेच्या भाजीला नावं ठेवत घरी बसणं मला जमेना, तिला तर त्याहून जमेना. खारबावच्या रस्त्याला एका गोदामात, गिऱ्हाइकांनी परत पाठवलेले कपडे तपासायला बायका हव्यात असं कळलं. सून म्हणाली, आई, हल्ली मुलाखतीआधी कंपनीची माहिती काढून जातात. तिला वाटलं, एवढ्यानं मी गप्प बसेन. मी चष्मा पुसला आणि मोबाईलच्या नकाशावर ते गोदाम शोधून काढलं.

एकच तारा. खाली लोकांनी नुसत्या शिव्या घातलेल्या. गेटवर दिवसभर ताटकळत ठेवतात, प्यायला पाणी नाही, संडासला आत सोडत नाहीत. माझं डोकंच फिरलं. कामाच्या बायकांना असं वागवतात?

मॅनेजर माझ्या मुलाच्या वयाचा. शेवटी त्यानं रीतीप्रमाणे विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का. झालं! वाचलेलं सगळं मी त्याच्यापुढे ओतलं. तो हसू दाबत म्हणाला, हे आमच्या कामगारांनी नाही, ट्रकवाल्यांनी लिहिलंय. माल उतरवायला नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं, त्याचा राग.

भिवंडीत जन्म काढला, गोदामांबाहेरच्या ट्रकांच्या रांगा बघत म्हातारी झाले, तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शहाणी बाई इथं ओशाळून पगाराचं विचारते. मी म्हटलं, "मग ड्रायव्हरला तहान लागत नाही?"

त्याचं हसू गेलं. "मावशी, तुम्हाला नोकरी हवीय की युनियन काढायचीय?"

"आधी पाणी ठेवा, मग सांगते."

त्यानं माझ्यासमोरच गेटवर फोन लावला, पाण्याचं काय ते विचारलं, आणि मला 'कळवतो' म्हणाला. या कळवतोचा अर्थ त्या कोवळ्या बाईलाही कळत होता. नोकरी हवी होती हो मला, मनापासून हवी होती. तरी पुन्हा त्या खुर्चीत बसवलंत तर पुन्हा तेच बोलेन, आणि जरा मोठ्यानं.

बाहेर गेटवर वॉचमन उन्हात उभा होता, उत्तरेकडचा, पिकल्या मिशांचा. माझा पास परत घेताना त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "अम्मा, नौकरी तो आपको मिलने से रही. लेकिन वो पानी वाली बात किसी ड्राइवर ने नहीं, मैंने लिखी थी."