बसप्पाचा एकुलता फोटो

मेलेल्या बिबट्याला गोळी घालणारा शूरवीर कधी पाहिलाय तुम्ही? नळदुर्गच्या वजीर फोटोवाल्यानं पाहिला होता. निजामाच्या अमलातली, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली ही गोष्ट. ती आठवली की म्हातारपणीसुद्धा वजीरच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

वजीर भलताच नादिष्ट. लाकडी कॅमेरा, तिपाई आणि काचेच्या प्लेटांची पेटी, यातच त्याचा जीव. बायको खैरुनबी म्हणायची, "मी तुमची दुसरी, पहिली ती पेटी." लग्नाकार्याचे फोटो काढून पोट भरायचं आणि उरलेल्या काचा हौसेवर उधळायच्या. मोहरमचे डोले, खंडोबाच्या जत्रेतला भंडारा, बाजारात गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणारी कासारीण, सगळं त्यानं काचेवर धरलं. काळविटांचं तर वेडच. काळवीट माणसाला बुजतं, बैलगाडीला बुजत नाही. म्हणून वजीर बसप्पाच्या गाडीत कडब्याखाली दडून माळावर जायचा. बसप्पा साधा लिंगायत शेतकरी, पण गाडी अशी हळू फिरवायचा की कळपातलं पाडससुद्धा मान वर करायचं नाही. नऊ वर्षं हे चाललं. आणि त्या नऊ वर्षांत वजीरनं बसप्पाचा एक फोटो काढला नाही! तो आपला कायम कॅमेऱ्याच्या मागं, कासरा धरून.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, बिबट्या बसप्पाच्या बैलावर पडला. बसप्पा कुऱ्हाड घेऊन धावला. बैल वाचला, बिबट्या मेला, पण बसप्पाचा डावा खांदा फाटला. हाकाटी ऐकून वजीर पेटी उचलून धावला. त्याच्याआधी गावच्या जहागीरदाराची मोटार येऊन उभी. जहागीरदारानं बिबट्याभोवती एक फेरी मारली, बंदूक मागून घेतली आणि त्या थंड पडलेल्या जनावराच्या बरगडीत गोळी घातली. मग त्याच्या पाठीवर बूट ठेवून मिशीला पीळ दिला.

"हां, अब खींचो!"

लाज कशी वाटत नाही माणसाला! वजीरच्या ओठापर्यंत शिवी आली होती. पण जहागीरदारापुढं बोलायची छाती कुणाची? त्यानं एवढंच केलं, कॅमेरा जरा डावीकडं सरकवला. तिथं बिबट्याच्या डोक्यापाशी बसप्पा कुऱ्हाडीवर भार देऊन उभा होता. खांद्याला धोतराची पट्टी, गळ्यात लिंग. "सरकार, हलू नका," असं वजीर म्हणाला खरा, पण नजर बसप्पावर होती. बसप्पा हलला नाही.

तिसऱ्या दिवशी त्या जखमेनं बसप्पा गेला. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्याला बसवून माती दिली. आठवडा उलटला आणि त्याची बायको इरम्मा वजीरच्या दारात आली.

"वजीरभाऊ, मातीत बसवलं तवा त्येंचं तोंड नीट बघू दिलं न्हाय मला कुनी. तुमी फोटू काढला म्हनं. तेवढा द्या."

वजीर उत्तर देतोय तोवर जहागीरदाराचा कारकून आत घुसला. जहागीरदाराला दाखवलेली कच्ची प्रत त्यानं टेबलावर आपटली.

"हा उघडाबंब गडी कोण मध्ये? सरकारांचा हुकूम आहे, याला खरवडून काढ. उद्या दहा प्रती पाहिजेत, हैदराबादला धाडायच्यात. आणि फोटोची मूळ काचही आमच्या ताब्यात दे."

"जी," वजीर म्हणाला.

कारकून गेला आणि इरम्मा कडाडली, "जी? जी म्हनला तुमी? नऊ साल त्येंच्या गाडीत बसला, आन् आता त्येंलाच खरवडनार व्हय?"

"अक्का, ऊन हाय तवर थांबा," एवढंच वजीर म्हणाला.

घराच्या माळवदावर चढून त्यानं काचेखाली कागद लावला आणि उन्हात एक प्रत छापली. ती औषधाच्या पाण्यातून काढली, वाळवली आणि कात्री घेऊन जहागीरदाराला सरळ कापून बाजूला टाकलं. बूट तेवढा राहिला. तो काढायचा तर बिबट्याची पाठ कापावी लागली असती. इरम्मानं फोटो छातीशी धरला आणि तिथंच मटकन बसून रडली.

ती गेल्यावर वजीरनं चाकू घेतला. आता ऐका. नको असलेला माणूस फोटोतून घालवायचा, तर जाणता कारागीर काचेवर पेन्सिलीनं हलक्या हातानं मागचं रान चढवतो. माणूस रानात विरून जातो. वजीरला ते झकास यायचं. पण हुकूम काय होता? खरवड! काचेवरचा मसाला खरवडला की कागदावर तिथं काळंकुट्ट उमटतं, हे कारकुनाला कुठं ठाऊक? वजीरनं बसप्पाला अगदी कडेकडेनं, पागोट्यापासून कुऱ्हाडीच्या दांड्यापर्यंत नेमका खरवडला.

दुसऱ्या दिवशी दहाही प्रतींत बिबट्या, जहागीरदार, आणि शेजारी कोळशासारखा काळा, कुऱ्हाडवाला माणूस! वजीरनं त्या काचेसकट जहागीरदाराच्या वाड्यावर नेऊन दिल्या. दिवाणखान्यात बसलेले पाहुणे जहागीरदाराकडं बघायचं सोडून एकच विचारायला लागले, "हा काळा कोण?"

"हुकमाबरहुकूम केलं, हुजूर," वजीर हात जोडून म्हणाला.

जहागीरदारानं ती काच फरशीवर आपटली. तेवढ्यावर भागलं नाही. त्याच्या माणसांनी वजीरच्या घरात शिरून कॅमेरा फोडला, प्लेटांची पेटी उलथी केली. डोले, कासारीण, काळविटं, नऊ वर्षांच्या काचांचा चुरा. खैरुनबीनं तो सुपात भरला. वजीर पुढं सायकली दुरुस्त करून जगला. पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही त्यानं.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, पाठोपाठ जहागिरीही गेल्या. एकदा गावात नवीन आलेले मास्तर इरम्माच्या ओसरीवर पाणी प्यायला थांबले. भिंतीवरचा फोटो बघून म्हणाले, "हे तुमचे मालक वाटतं? वा! आणि मावशी, हा बिबट्यावरचा बूट कुणाचा?"

इरम्मानं पदरानं काच पुसली.

"असंल कुनाचा तरी. मला न्हाय ठावं."