लाल पट्टी जावईबापूंना

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं रडायचीही जागा आहे. असा घोळ केलाय मी, की सासुरवाडीत मान वर करून बसायची सोय राहिली नाही!

कुपवाडला माझं लेथचं छोटं वर्कशॉप, घर माधवनगरला. आमचे सासरे, म्हणजे मामा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. पाटणकडच्या गावाहून आमच्याकडं राहायला आले होते. बायको सुनंदा नात्यातल्या एका लग्नासाठी साताऱ्याला गेलेली. जाताना एवढंच म्हणाली, बाबांकडं ध्यान ठेवा.

आणि त्याच दुपारी मामा छातीला हात लावून खाली बसले. डाव्या हातात कळ, कपाळावर घाम. मी रिक्षा बोलावली. रिक्षा दारात आली, पण मामा मळक्या लेंग्यावर दवाखान्यात येईनात! इस्त्रीचा शर्ट पाहिजे, कोट पाहिजे, टोपी पाहिजे. मीच बटणं लावली, मीच घाम पुसून तोंड स्वच्छ केलं. आता तुम्हीच सांगा, हार्टचा पेशंट असा कुणी नटवून नेतं का?

सांगलीत हॉस्पिटलच्या गेटवर ही गाड्यांची गर्दी. मी रिक्षातून उडी मारून व्हीलचेअर आणायला पळालो. माझं पोट तुम्ही बघताच आहात! व्हीलचेअर काही मिळाली नाही. धापा टाकत परत येतो तर मामा आपले आपण, ताठ चालत दारात पोचलेले.

इमर्जन्सीच्या दारात एक सिस्टर उभ्या होत्या. तिथं आधी आला त्याला आधी, असं नसतं. सिस्टर येईल त्याला बघतात, दोन प्रश्न विचारतात आणि मनगटाला पट्टी बांधतात. लाल म्हणजे लगेच आत, पिवळी म्हणजे जरा थांबा, हिरवी म्हणजे बसा निवांत.

त्यांनी आमच्याकडं बघितलं. एक म्हातारा कोट-टोपीत खांबासारखा उभा. दुसरा घामानं निथळतोय, तोंड पांढरंफटक, शब्द फुटत नाही. मामांना कुठं दुखतंय ते दाखवायला मी हात ठेवला तो माझ्याच छातीवर. झालं! लाल पट्टी माझ्या मनगटाला.

मी मुंडी हलवतोय, मामांकडं बोट दाखवतोय. सिस्टर म्हणतात, घाबरू नका, ते बाहेर थांबतील. आणि मामांनी काय करावं? आमच्याकडं जावयाच्या आधी सासरा घास घेत नाही हो.

"आधी जावईबापूंस्नी बघा," ते सिस्टरना म्हणाले. "माझं काय न्हाई एवढं."

आणि मी? खोटं कशाला बोलू, मी खाटेवर आडवा झालो! लग्नापासून पहिलं ताट घ्यायची सवय अंगवळणी पडलेली. वर वाटलं, काय हॉस्पिटल आहे, नातेवाइकालाही तपासतात!

शर्ट निघाला, छातीवर वायरी चिकटल्या, मशीनमधून कागद सरसर बाहेर आला. मग कुठं दम खाली बसला आणि मला वाचा फुटली.

"आवं मॅडम, पेशंट भायेर हाय. मी नुसता पळून दमलोय."

सिस्टर पळाल्या. त्यांच्या मागं वायरी लोंबकळत मी. मामा बाकावर ताठच होते, पण ओठ निळसर आणि टोपी मांडीवर पडलेली. माझ्या मानापायी माणूस जातोय, या विचारानं मी तिथंच रडायला लागलो.

मग मात्र कुणी दम घेतला नाही. मामांचा ईसीजी झाला, त्यांना आत नेलं, तुंबलेली नस मोकळी केली. मी बाहेर उलटा शर्ट घालून हात जोडून बसलेलो. सुनंदाला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

वाचले हो मामा! संध्याकाळी सुनंदा आली. डॉक्टर माणूस भला, पण तोंडाचा फटकळ. तिला समजावून सांगायला लागला, की पेशंट दारात आल्यापासून ईसीजी होईपर्यंत किती वेळ गेला ते आम्ही मोजतो. आज सगळ्यात झटपट ईसीजी झाला तो तुमच्या मिस्टरांचा, आणि तो एकदम नॉर्मल आहे. वडिलांचं घड्याळ मात्र सुरूच झालं नव्हतं, कारण त्यांना पट्टीच बांधलेली नव्हती.

सुनंदानं माझ्या मनगटाची लाल पट्टी उलटसुलट करून बघितली. तेवढ्यात मामांनी डोळे उघडले. नाकात नळी, आवाज खोल गेलेला.

"सुनंदा, जावईबापू दुपारपास्नं उपाशी हायती. आधी त्येंचं बघ."

"त्येंचं बघून झालंय, बाबा," सुनंदा म्हणाली. "आधी त्येंचंच बघितलं."