माझी पटाशी त्याच्या हातात

"झाडू घे हातात आणि मागे सर. व्हिडिओत येऊ नकोस."

शेठ असं म्हणाला तेव्हा माझ्या केसांत सागवानाचा भुसा होता. समोरच्या देवघराची महिरप मी कोरली होती. वेल, कमळं, दोन हत्ती. शोरूममागच्या पत्र्याच्या खोलीत, एकटीने. ते देवघर न्यायला मीरा रोडच्या टॉवरमधून नवरा-बायको आले होते. त्यांना कारागिरासोबत व्हिडिओ हवा होता. शेठने पुतण्याला बोलावलं. त्याच्या कपाळाला गंध लावलं, हातात माझी कोरायची पटाशी दिली.

"ह्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम," शेठ त्यांना म्हणाला.

माझे वडील लाकडाच्या वखारीत हमाल. तिथल्या एका म्हाताऱ्या सुताराने मला कोरायला शिकवलं. जात विचारली नाही. हायवेवरच्या ह्या शोरूममध्ये कामाला लागले तेव्हा शेठने आडनाव ऐकलं. म्हणाला, "हात चांगलाय तुझा. पण मी देवघरं विकतो. गिऱ्हाइकासमोर यायचं नाही."

नऊ वर्षं आले नाही. डबा एकटीच खायचे. पॉलिशवाले दोघं बाहेर हसत जेवायचे. मला कधी हाक नाही. वाटायचं, काम बोलतंय ना, बस झालं.

त्या दिवशी गिऱ्हाईक बाई पुतण्याला म्हणाल्या, "थोडं कोरून दाखवा ना."

त्याने पटाशी उलटी धरली. हातोडीच्या पहिल्याच ठोक्याला हत्तीची सोंड तुटून खाली पडली.

शेठ हसला. "आमची झाडूवाली उचलेल." मग माझ्या कानाशी, "संध्याकाळपर्यंत जोडून ठेव."

मी झाडू टाकला. पुतण्याच्या हातातून पटाशी काढून घेतली.

"हे मी कोरलंय. आणि आता जोडणार नाही."

मी माझं नाव सांगितलं, आडनावासकट, मोठ्याने. बाईंनी देवघरावर ठेवलेला हात काढून घेतला. पॉलिशवाले खाली मान घालून उभे. हत्यारांची पिशवी उचलून मी निघाले.

आता काशीगावात भाड्याची खोली घेतलीय. दिवसभर बोलायला कुणी नसतं. तिथेच देवघरं बनवते, प्रत्येकाच्या दर्शनी पट्टीवर माझं पूर्ण नाव कोरते. परवा एक गृहस्थ आले. काम आवडलं.

"ताई, तेवढं आडनाव घासून द्या. लगेच नेतो."

"आडनाव राहणार. नको असेल तर देवघर राहू दे."

ते गेले. देवघर खोलीतच आहे. मी दुसरं कोरायला घेतलंय. ह्यावर नक्षीच्या आधी आडनाव कोरलं.