मावशींच्या कार्डांवरची कारणं

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशींनी आयुष्यात एकही गोष्ट कारण न विचारता सोडली असेल, असं मला वाटत नाही. ऐंशीच्या दशकात नवऱ्याच्या मोटार कंपनीतल्या नोकरीपायी आम्ही अमेरिकेत नोव्हाय गावी येऊन पडलो. पहिल्याच आठवड्यात मावशी विरजण घेऊन वर आल्या आणि दही लागेपर्यंत प्रश्न विचारत बसल्या. इथेच घर का, मुलगी एकच का, चहात साखर कमी का. मूळच्या नागपूरच्या, पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या या बाई विद्यापीठात संशोधन करत. आजार तोच, औषध तेच, तरी एक बाई बरी होते आणि दुसरी जाते, असं का, हा त्यांचा विषय. "रोग सारखाच असतो गं, उशीर सारखा नसतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. डॉक्टरांकडे उशिरा आलेल्या बायकांना त्या टेपरेकॉर्डर घेऊन गाठत आणि प्रत्येकीचं कारण पांढऱ्या कार्डावर लिहीत. गाडी नाही. नातवंडांना कुठे ठेवू. चर्चच्या जेवणाचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. ही कार्डं बुटांच्या खोक्यांत असत, खोकी सोफ्यावर असत आणि पाहुणे जमिनीवर.

संशोधकाने नुसतं ऐकून घ्यायचं असतं, ही एक गोष्ट मात्र मावशींना कधी जमली नाही. गाडी नाही, असं कुणी म्हणालं की त्या तसं नीट लिहून घेत आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची खटारा गाडी घेऊन तिच्या दारात हजर होत. त्यांचं ड्रायव्हिंग असं, की त्यांच्या गाडीतून हॉस्पिटलात पोचलेल्या बाईला ऑपरेशनची भीती उरत नसे. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघावं असा त्यांच्यावरचा संस्कार होता, आणि गाडी चालवतानाही त्या तो मोडत नसत. एकदा एका आजींच्या नातवंडांना त्यांनी दिवसभर घरी ठेवून घेतलं. नातवंडांनी कार्डांची विमानं केली, आणि मावशी पुढे आठवडाभर ती विमानं इस्त्री करत होत्या. त्यांचे प्रोफेसर कपाळाला हात लावत. कारणं गोळा करायची, घालवायची नाहीत, असं ते पुन्हा पुन्हा बजावत. मावशी मान डोलावत आणि गाडीची किल्ली उचलत.

नवी प्रश्नावली पेशंटना देण्याआधी त्या माझ्यावर घासून बघत. एका वर्षी गणपतीला दहाएक दिवस असताना दुपारी मला समोर बसवून त्यांनी विचारलं, अंगात काही बदल जाणवल्यावर डॉक्टरकडे जायला किती दिवस लावलेत? तीन आठवड्यांपूर्वी अंघोळ करताना माझ्या छातीत गाठ हाताला लागली होती, आणि मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. माझ्या चेहऱ्याकडे बघून मावशींनी टेपरेकॉर्डर बंद केला. तो त्यांनी मध्येच बंद केलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मी गाठीचं सांगितलं.

"कारण?" त्यांनी हळूच विचारलं.

"मंडळाच्या गणपतीचे दीडशे मोदक माझ्याकडे आहेत, मावशी. तेवढे झाले की अपॉइंटमेंट घेणारच आहे."

सांगताना मला ते अगदी पटण्यासारखं वाटत होतं. खरं म्हणजे मी विलक्षण घाबरले होते आणि मोदकांच्या आड लपले होते. मावशी हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. कार्डावर लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "मोदक मी करते. उद्या आठ वाजता खाली ये. आणि आज नवऱ्याला सांग."

गाठ वाईटच निघाली. पण लहान होती, आणि वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. गणपतीच्या दिवशी मी हॉस्पिटलात होते, आणि मावशी जन्मात पहिल्यांदा उकडीचे मोदक करत होत्या. ते एकूण एक फुटले. मंडळींनी वाटीत घेऊन चमच्याने खाल्ले, हे नवऱ्याने सांगितलं तेव्हा टाके दुखत असतानाही मी हसले. पुढे कितीतरी आठवडे रोज रेडिएशनला मला मावशीच नेत. त्या माझ्याकडे बघून प्रश्न विचारत आणि मी रस्त्याकडे बघून उत्तरं देत असे, कारण दोघींपैकी एकीने तरी तिकडे बघायला हवं होतं. त्या गाडीत मला मी बरी होणार, असं पहिल्यांदा वाटलं.

दोन वर्षांनी मावशींना लांबच्या राज्यात काम मिळालं. निघताना त्यांनी माझं कार्ड माझ्या हातात ठेवलं. प्रोफेसरांनी ते संशोधनातून बाद केलं होतं, कारण मावशी मध्ये पडल्या होत्या. आता मावशी नाहीत. मी आहे, आणि ते त्यांच्यामुळे आहे, हे त्यांना नीट सांगायचं राहूनच गेलं. गणपतीत अजून मी मोदक करते. उकड मळायला घेण्याआधी ते कार्ड काढून वाचते. त्यावर त्यांच्या तिरक्या अक्षरात एवढंच लिहिलं आहे: "उशिराचं कारण: दीडशे मोदक. कारण दूर केलं. मोदक बिघडले, बाई बरी आहे."